फौजेतला शिंपी

सोमवार, १ सप्टेंबर

ही डायरी धाकट्या भावाच्या कंपनीची. दर नव्या वर्षाला येते आणि मी तिच्यावर चहाचा कप ठेवते. आज उघडली, कारण तोंडाने काही सांगायला गेले की समोरचा माणूस लगेच माझ्या पाठीवर हात ठेवतो. मी रडणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं आहे. मला रडायचं नाही. मला बसायचं आहे.

बाबा जाऊन पंधरवडा झाला. भाड्याच्या खुर्च्या आज परत गेल्या, येणारे-जाणारे संपले. प्रत्येकाने जाताना एकच वाक्य म्हटलं, "सुटले हो." कोण सुटलं ते कुणी सांगितलं नाही. तीन वर्षं बाबांची उजवी बाजू लुळी होती. त्यांना उठवणं, बसवणं, कूस बदलणं, भरवणं, यात दिवस कधी उगवायचा आणि कधी मावळायचा कळायचं नाही. आता सगळा दिवस मोकळा आहे, आणि तरी मी मधूनच उठून त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत जाते. पायांना सवय, दुसरं काही नाही.

दुकान उघडलं. दुकान म्हणजे घराखालची एक खोली, दोन मशिनी, एक कापायचं टेबल आणि एक उभा आरसा. पाटीवर "ऑल्टरेशन" एवढंच. बाबा फौजेत शिंपी होते. तिथून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे टाकलं आणि मला हाताशी घेतलं. शिंप्याला लोक मास्तर म्हणतात, तसे गल्लीभर ते मास्तर झाले. नवीन आलेली बिऱ्हाडं आपली पोरं गणितासाठी त्यांच्याकडे घेऊन यायची. बाबा हाकलायचे नाहीत. टेप पुढ्यात टाकून पोरांना अपूर्णांक शिकवायचे.

धाकट्याचा फोन आला. माजी सैनिकांच्या संघटनेने श्रद्धांजली सभा ठरवली आहे, पुढच्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या, सकाळी, त्यांच्या हॉलमध्ये. तो म्हणाला, "ताई, घरातर्फे तू बोलायचंस. तू त्यांच्या सगळ्यात जवळ होतीस."

जवळ होते म्हणून बोलता येतं असं त्याला कोणी सांगितलं?

बुधवार, ३ सप्टेंबर

धाकटा आला. बॅग खाली ठेवायच्या आधी म्हणाला, "बाबांचा युनिफॉर्म कुठे आहे? स्टेजवर टांगायचा. मेडलं लावून."

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मेडलं डब्यात आहेत. युनिफॉर्म नाही."

"नाही म्हणजे?"

"तुम्ही दोघांनी घालून फाडलात."

तो माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे. मग आईने सांगितलं. लढाई संपून बाबा घरी आले तो हिवाळा कडक होता. आमच्याकडे जाड कपडे नव्हते. बाबांचा तो मोठा कोट होता, त्यातून दोन लहान कोट निघाले. धाकट्याला एकदम आठवलं, "तो टोचणारा हिरवा?" आई म्हणाली, "टोचणाराच. रोज रडायचास घालताना. बाही मोठी ठेवली होती, आत दुमडून. पोर वाढणार म्हणून."

हे बाबांचं कायमचं. आमच्या प्रत्येक कपड्यात आत कापड दुमडलेलं असायचं. दर वर्षी शाळा सुरू व्हायच्या आधी ते उंबऱ्यावर बसून शिवण उसवायचे आणि आम्हाला एक बोट लांब करायचे.

धाकटा म्हणाला, "स्वतःचा युनिफॉर्म कापला? फौजी माणसाने?"

आई म्हणाली, "आल्यावर दोन-तीन महिने मशीनला हातच लावला नव्हता. नुसते बसून असायचे. मीच एक दिवस कात्री हातात दिली. म्हटलं, पोरं गारठली आहेत." आणि उठून भाजी धुवायला गेली.

आपला बाप आळशीपणाने बसून राहिला होता असं कधी मनात आलं नव्हतं. दमले असतील. लढाईवरून आलेला माणूस दमतोच.

शनिवार, ६ सप्टेंबर

आज गिऱ्हाईक बरं होतं. एका तरुण पोराचा कोट आत घ्यायचा होता. मुलाखत आहे म्हणे. छातीचं माप घेताना तो फुगून उभा राहिला. सगळेच राहतात. बाबांनी मला पहिल्या दिवशी शिकवलेलं ते हेच. टेप लावायची, दोन बोटं आत घालायची आणि थांबायचं. "श्वास घ्या हो, रोखू नका," असं ते प्रत्येकाला म्हणायचे. छाती वर-खाली झालेली टेपखाली कळली की मगच आकडा सांगायचे. कधी कधी आकडा कळल्यावरही थांबायचे. गिऱ्हाईक अवघडायचं. मी म्हणायचे, "बाबा, झालं ना?" ते म्हणायचे, "होऊ दे अजून एक." कपडा चांगला बसतो त्याने, हे मात्र खरं. मीही तसंच करते.

सभेत हे सांगू का? लोक म्हणतील, सैनिकाच्या सभेत छातीचं माप काय सांगते.

मी कागद घेऊन बसले होते. लिहिलं: "माझे बाबा अत्यंत शिस्तप्रिय होते." खोडलं. शिस्तप्रिय कसले? धाकट्याच्या परीक्षेच्या दिवशी उशीर झाला तर स्वतः त्याच्या बुटांच्या नाड्या बांधत त्याच्यामागे रस्त्यापर्यंत जायचे. आईला टायफॉइड झाला तेव्हा माझी वेणी तेच घालायचे, आणि वेणी सुटू नये म्हणून शेवटी दोन टाके घालायचे. शाळेत बाईंनी कात्रीने सोडवली. शिस्त कुठे आहे यात?

आमचे साहेब (म्हणजे माझा नवरा; पाणीखात्यात मीटर वाचतात) म्हणाले, "मग हेच लिही."

मी म्हटलं, "हे काय सभेत बोलायचं असतं?"

ते म्हणाले, "तू आधी डॉक्टरकडे चल."

कुठून कुठे! मला काय झालं आहे? बाबांच्या दुखण्यात हे इथे येऊन राहिले, लोकांनी घरजावई म्हणून चिडवलं ते हसून सोसलं, पण आता माझ्यामागे लागले आहेत. मी ठीक आहे.

मंगळवार, ९ सप्टेंबर

बसच्या कंडक्टरचा शर्ट होता. बाह्या काढून लहान करायच्या होत्या. केल्या. तो आज घालून आरशासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, आता तिकीट मागे वळून द्यायचं का?"

डावी बाही उजव्या मुंढ्याला लावली होती मी. उजवी डाव्याला. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. तो भला माणूस, हसला. मीही हसले. मग हसू थांबेना. तो घाबरून पाणी आणायला धावला.

उसवून परत लावल्या. बोटांना टाके दिसत होते, डोळ्यांना नाही. डोळ्यांचा नंबर वाढला असणार.

बाबा आजारपणातही दुकानात येऊन बसायचे. साहेब आणि मी दोघं मिळून जिन्यावरून उतरवायचो. उजवा हात मेलेला, तर पिनांची उशी गुडघ्यांत धरायचे आणि डाव्या हाताने सुया ओवून ठेवायचे, प्रत्येक रंगाची एक. एका सुईला अर्धी सकाळ जायची. बोलता नीट यायचं नाही, पण सुई ओवली गेली की माझ्याकडे बघून भुवया उडवायचे. त्यातल्या शेवटच्या काळ्या दोऱ्याची सुई आज कंडक्टरच्या बाहीला संपली. नंतर मी स्वतः ओवायला घेतली आणि ओवता येईना. नंबरच वाढला आहे.

संध्याकाळी धाकट्याने त्याचं भाषण वाचून दाखवलं. स्लाइडही केल्या आहेत. "शत्रूच्या तोफांसमोर छातीचा कोट करून उभा राहिलेला वीर" असं त्यात होतं. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तो कोण?"

"बाबा, आई."

"मी सभेला येणार नाही," आई म्हणाली.

"अगं, सगळे येणार आहेत. तू पहिल्या रांगेत हवीस."

"मला तुमच्या रांगेत बसवू नका. वीस वर्षं फौजेच्या रांगेत होते मी. रेशनच्या, दवाखान्याच्या, सुट्टी मंजूर होण्याच्या. झालं तेवढं पुरे."

कमाल आहे या बाईची. नवऱ्याची शेवटची सभा, आणि म्हणे येणार नाही. गेल्यापासून डोळ्यांतून टिपूस नाही. त्यांच्या चपला दुसऱ्याच दिवशी देऊन टाकल्या. मला तिचा राग येतो आहे, आणि राग येण्याइतका जीवही अंगात नाही.

गुरुवार, ११ सप्टेंबर

हवालदार काका आले. बाबांच्या पलटणीतले. एका पायाने लंगडतात, एका कानाने ऐकतात, आणि कुठला कान तो हे रोज बदलतं असं बाबा म्हणायचे. सभेसाठी म्हणून लांबून आले. बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून तिच्यावर न बसता जमिनीवरच बसले. उठवताना तिघं लागलो.

धाकट्याने मोबाइल पुढे धरला. "काका, लढाईतली बाबांची एखादी गोष्ट सांगा. पराक्रमाची."

"काय?"

"पराक्रमाची!" धाकटा ओरडला.

आई तिथेच होती. ती उठली आणि आत गेली, नळ मोठ्ठा सोडला. मला वाटलं, पाहुणा बोलायला लागतो आणि ही भांडी घासायला काढते!

काका म्हणाले, "तुझा बाप खाली होता. डोंगराच्या पायथ्याला एक शाळा होती, तिथे. आम्ही वर. वरून पोरं खाली यायची. जखमी दवाखान्यात, आणि बाकीची शाळेत. बाकीची म्हणजे समजलास ना?"

धाकट्याने मान हलवली.

"त्यांना घरी पाठवायचं होतं. पेटीतून. पलटणीचे साहेब म्हणाले, पोर घरी जाईल तर नीट कपड्यांत जाईल, अशी चिंध्यांत नाही. हे काम कोण करणार? शिंपी. तुझा बाप आणि त्याच्या हाताखाली एक जण. माझ्या पायाला लागलं तेव्हा मला खाली आणलं. दवाखान्यात जागा नव्हती, तर शाळेच्या व्हरांड्यात टाकलं. मी दारातून सगळं बघत पडलो होतो."

काकांनी हाताने हवेत टेप धरल्यासारखं केलं.

"प्रत्येकाचं माप घ्यायचा. स्टोअरमधून नवीन शर्ट आलेले होते, पण सगळे एकाच मापाचे. ते प्रत्येकाच्या अंगाप्रमाणे आत घ्यायचा. बर्फात कडक झालेली पोरं. हात वळायचे नाहीत. तर मागून शिवण उसवायचा, घालायचा, अंगावरच टाके घालायचा. मी ओरडलो त्याच्यावर. म्हटलं, मास्तर, आता फिटिंग कुणाला बघायचंय? तर म्हणाला..."

आई पाण्याचा तांब्या घेऊन नेमकी तेव्हा आली. काकांच्या हातात पेला दिला. काका पाणी पिऊन म्हणाले, "म्हणाला, घरी पेटी उघडतील ना. आई बघेल."

मोबाइल चालूच होता.

"त्यांच्याशी बोलायचा," काका म्हणाले. "गिऱ्हाइकाशी बोलावं तसं. हात जरा वर करा साहेब. मान सरळ. झालं, झालं. एक पोर होतं, मिसरूडही नव्हतं. त्याचं माप घेऊन झालं, आणि टेप छातीवर तशीच धरून किती वेळ बसला होता. हाताखालच्याने सोडवून घेतली शेवटी."

आईने रिकामा पेला घेतला आणि म्हणाली, "जेवून जा भाऊजी. वाढते."

ती इतकी शांत कशी राहू शकते? तिला बहुतेक नळाच्या आवाजात ऐकूच आलं नाही.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

धाकट्याशी भांडण. सकाळी, मशीन पुसताना. तो म्हणाला, "हे सभेत नाही सांगायचं. लोकांना ऐकवणार नाही."

"मग काय सांगायचं? तोफांसमोर छाती?"

"ताई, तुला कळत नाही. माझी मुलं येणार आहेत. ऑफिसातले दोघं येणार आहेत. मी त्यांना काय सांगितलं आहे ते तुला माहीत नाही."

"काय सांगितलं आहेस?"

तो दोऱ्यांची रिळं रंगाप्रमाणे लावायला लागला. लहानपणी रागावला की हेच करायचा. मग हळूच म्हणाला, "शाळेत असताना मी मित्रांना सांगितलं होतं, माझे बाबा रणगाडा चालवतात. एकदा बाबा सुट्टीवर आले आणि मला डबा द्यायला शाळेत आले. सगळी पोरं त्यांच्याभोवती. काका, रणगाडा कसा असतो? मी कोपऱ्यात मेलो होतो. तुला माहीत आहे बाबा काय म्हणाले? म्हणाले, 'आत फार उकडतं रे.' आणि डबा माझ्या हातात देऊन गेले. घरी कधी विषय काढला नाही. आयुष्यात कधी नाही."

मला हसू आलं, आणि त्यालाही आलं. मग तो टेबलावर डोकं टेकून बसला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. लोक माझ्या पाठीवर ठेवतात तसाच. दुसरं करणार काय?

भांडण मात्र मिटलं नाही. तो म्हणतो, तो आपलं भाषण करणार. मी आपलं करावं.

शनिवार, १३ सप्टेंबर

जिन्यात चक्कर आली. पायरीवर बसून घेतलं. साहेबांना सांगितलं नाही. त्यांनी स्वयंपाक केला होता. मीठ नव्हतं. आईने न बोलता खाल्लं, हेच नवल. जेवताना ती माझ्याकडेच बघत होती. म्हणाली, "किती वाजता आहे ते उद्याचं?"

"दहाला. का? तू तर येणार नाहीस."

"सहज विचारलं."

भाषण अजून झालेलं नाही. कागदावर तीन ओळी आहेत. काकांनी सांगितलेल्या शाळेचं लिहायला घेतलं की पेन थांबतं. वेणीचं लिहिलं तर वाटतं, एवढ्या मोठ्या गोष्टीपुढे वेणी काय. दोन्ही एकाच माणसाने केलं हे मला जुळवता येत नाही. मी रोज त्यांचं तोंड पुसलं, नखं कापली. त्या हातांना ओळखते असं मला वाटायचं.

उद्या उभी राहिले की सुचेल. एकदा उद्याचा दिवस गेला की झालं.

रविवार, १४ सप्टेंबर

काय झालं ते लिहिते. माझा स्वतःचाच विश्वास बसत नाही.

सकाळी लवकर आवरलं. साडी नेसून तयार झाले. धाकटा आणि काका रिक्षाने पुढे गेले. साहेब दुकानाचं कुलूप शोधत होते. मी चपला घालायला म्हणून बाबांच्या खुर्चीत टेकले. एक चप्पल घातली.

जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून खाली उतरून जमिनीवर आलं होतं. अंगावर चादर. पायातली चप्पल काढून बाजूला ठेवलेली. घरात कुणी नाही. आईसुद्धा नाही. घड्याळ बघितलं. सभा संपून गेली होती. तीन वर्षं मुंगी चालली तरी उठणारी मी, बापाच्या सभेच्या दिवशी झोपले!

तशीच अनवाणी जिना उतरत होते, तर सगळे परत येताना दिसले. पुढे आई. तिच्या अंगावर तिची बाहेरची साडी, हातात पिशवी, जशी बाजारातून आली.

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "जेवलीस?"

पुढचं मला साहेबांनी सांगितलं. मीटर वाचणारा माणूस, न वाढवता, न घटवता सांगतो. मी झोपलेली बघून त्यांनी मला उठवायला हात लावला, तर आईने त्यांना मागे ओढलं. म्हणाली, "चला जावईबापू. मी येते."

हॉल भरलेला होता. सेक्रेटरी बोलले, धाकट्याच्या स्लाइड टेबलावर तयार होत्या. घरातर्फे मुलगी बोलेल असं जाहीर झालं आणि आई उठली. माईक तिच्या तोंडापेक्षा उंच होता. कुणीतरी खाली करायला धावला, तर म्हणाली, "राहू दे, मला ओरडायची सवय आहे."

मग म्हणाली, "माझा नवरा शिंपी होता. लढाईत त्यांनी एकही गोळी झाडली नाही. तुमची जी पोरं वरून खाली आली, त्यांना त्यांनी कपडे घालून घरी पाठवलं. घरी आले तेव्हा मी विचारलं, काय केलंत तिकडे? म्हणाले, काम. वाढ. जेवले. आणि मग वर्षभर, झोपेत, एकेकाचं माप मला सांगितलं. छाती अमुक, बाही तमुक. मी उठून बसायची आणि हं म्हणायची. कुणीतरी हं म्हणायला हवं ना. दिवसा दोघांनी कधी विषय काढला नाही. दिवसा ते मुलांचे कपडे शिवायचे."

"मला भाषण येत नाही," आई म्हणाली. "एवढंच सांगते. तुमच्यापैकी कुणाच्या घरी तेव्हा पेटी आली असेल, तर आतला शर्ट ह्यांच्या हातचा होता. नीट बसला नसेल तर मला सांगा. आमचं दुकान उघडं असतं."

आणि खाली उतरली.

तेव्हा मागच्या रांगेतून एक म्हाताऱ्या बाई उठल्या. शेजारच्याच्या खांद्यावर हात टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बसला होता हो. नीट बसला होता. कॉलरसुद्धा." भावाचा म्हणाल्या की मुलाचा, ते साहेबांना नीट ऐकू आलं नाही. आई तशीच मागे चालत गेली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली. शेवटपर्यंत दोघी बसून होत्या.

"आणि धाकटा?" मी विचारलं.

"त्याचा नंबर नंतर होता. कॉम्प्युटर बंद केला, उभा राहिला आणि रणगाड्याची गोष्ट सांगितली. स्वतःच्या मुलांसमोर. लोक हसले. तोही हसला. मग त्याला पुढे बोलता येईना, तर हवालदार काकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्यांना काही ऐकू आलं नव्हतं, पण डोळे पुसत होते."

मी आईकडे गेले. ती पिशवीतून भाजी काढत होती. येताना खरंच बाजार करून आली होती.

"मला उठवलं का नाहीस?"

"उठवलं होतं. गालाला हात लावला. तू डोळे न उघडता म्हणालीस, 'थांबा बाबा, आले.' मग नाही उठवलं."

"तुला सगळं माहीत होतं," मी म्हटलं. "आम्हाला कधी बोलली नाहीस."

"तुम्हाला बाप हवा होता. तो दिला त्यांनी. बाकीचं माझ्याकडे राहू दिलं. त्यात काय बोलायचं?" तिने कोथिंबीर झटकली, आणि ती झटकतच राहिली, पाणी केव्हाच उडून गेलं होतं तरी. "मला आता हं म्हणायला कुणी नाही," ती म्हणाली. "झोप येत नाही त्याने."

मग आम्ही दोघींनी ओट्याशी जे काही केलं ते लिहीत नाही. धाकटा दारात आला आणि परत गेला.

सोमवार, १५ सप्टेंबर

अंथरुणातूनच लिहिते आहे. साहेबांनी काल डॉक्टर घरीच आणला. त्याने नाडी बघितली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढल्या, आणि विचारलं, "शेवटचं सलग कधी झोपलात?" मी आठवत बसले. तो म्हणाला, "आठवावं लागतं ना? मग औषध तेच." डोळ्यांच्या नंबराचं विचारलं तर म्हणाला, आधी झोपा, मग बघू.

धाकट्याने सुट्टी वाढवली. सकाळी म्हणाला, "आईला महिनाभर घेऊन जातो, तू आराम कर." आई म्हणाली, "मी कुठेही जात नाही. न्यायचं तर हिला ने. कुंडीसारखी उन्हात ठेव आणि पाणी घाल." मग किल्ल्या घेऊन ती स्वतःच दुकान उघडायला गेली. तिला साधी टीप सरळ घालता येत नाही. बाबा तिला मशीनला हात लावू द्यायचे नाहीत.

खालून तिचा आवाज येतो आहे. कुणाशी तरी वाद चालला आहे. पँट एवढी आखूड करून मिळणार नाही, पाय काय तोडायचे आहेत का, असं काहीतरी. गिऱ्हाईक जाणार. मधूनच धाकटा समजूत घालतो आहे, त्याचंही कुणी ऐकत नाही.

उठून खाली जायला हवं.

जाईन. थोड्या वेळाने.